गोदीला पाठवणार नाही

जुना जालना,
१६ मे २००४

प्रिय प्रभा,

आधी 'सौ. वहिनीस' असं लिहिलं होतं, तो कागद फाडून टाकला. वहिनी तू माझी सतरा वर्षांपासून आहेस आणि प्रभा त्याच्या कितीतरी आधीपासून. मला जे सांगायचं आहे ते प्रभाला सांगायचं आहे. हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नकोस. सातवीपर्यंत आपण शाळेत शेजारीशेजारी बसलो, पण धडा वाचायला गुरुजी मला कधी उभं करत नसत, तुलाच करत. तेव्हा दुपारी कामं आटोपली की दार लोटून घे आणि एकटीनं वाच. मधेच राग आला तर ठेवून दे, चुलीत मात्र घालू नकोस. राग गेला की पुन्हा उघड.

परवा मच्छिंद्रदादाचा फोन आला. मृग निघायच्या आत गोदीला गावाकडे आणून सोड, असा तुझा निरोप. वर्षभर शाळा झाली तेवढी बास, पाऊसपाणी सुरू झालं की पोरगी डोळ्यांपुढे पाहिजे. वर आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे, द्वारका त्या मारवाड्याच्या डॉक्टरणीच्या नादी लागली आहे, अंगाला हात लावून घेते, थरथर कापते, रडते, असल्या घरात माझं लेकरू नको. दुसरी सांगताना दादा अडखळला. मीच म्हणाले, सांग, जशीच्या तशी सांग. "सोताची कूस उजवली न्हाई म्हणून माझं लेकरू धरून बसली," हे तुझे शब्द. ठीक आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी मनातलं काही बोललीस, तेही दुसऱ्याच्या तोंडून. लागायचं ते लागलं. पण लागलं म्हणून मी घाबरून पोरीची पिशवी भरीन असं वाटलं असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. गोदीला मी पाठवणार नाही. भुजंगरावांनाही हेच सांगितलं. दिवसभर एसटी डेपोत गाड्यांखाली पडून दुरुस्त्या करून आलेला माणूस तो, म्हणाला, "तुमी नणंद-भावजया काय ते बघा, मला आधी भाकर वाढ." म्हणजे त्यांचंही मत माझ्याच बाजूनं आहे असं मी धरते.

पोरगी मजेत आहे. तिसरी पास झाली. गणितात वर्गात दुसरी आली आणि पहिल्या आलेल्या मुलाशी त्यावरून भांडलीसुद्धा. भुजंगरावांची सायकल दांडीखालून पाय घालून चालवते, गुडघे सोलवटून येते आणि मला कळू नये म्हणून परकर खाली ओढते. दोडका खात नाही. तुझी आठवण काढते, पण रडत नाही. ती इथे का आली हे तुलाही ठाऊक आहे. गावाकडे जरा आभाळ काळं झालं की तू तिला धान्याच्या खोलीत घालायचीस, अंगावर वाकळा टाकून वरून कडी लावायचीस. दुसरीच्या वर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत ती शाळेत इतकी थोडी गेली की मास्तरांनी दादाला बोलावून घेतलं. अंबडच्या दवाखान्यात ती जन्मली तेव्हा मी तिथेच होते. आधी पाय आले म्हणून नर्सबाईंनी धावपळ केली, मग लेकरू रडलं, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि तू "पायाळू" हा शब्द ऐकून भिंतीकडे तोंड केलंस. तू काय बघत होतीस ते मला कळलं होतं. मी पायाशी उभी होते आणि मी काही बोलले नाही. आपण दोघी न बोलण्यात पहिल्यापासून हुशार.

पायाळू म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण तू ते बाहेरून बघितलंस, मी आतून, म्हणून सांगते. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी आलेलं माणूस. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला पायाळूची लाथ लागते. लग्न होऊन मी जालन्यात आले आणि महिन्याभरात सगळ्या गल्लीला कळलं. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर कुणीतरी वाकडं होऊन बसलेलं. कापड दुकानातले मुनीम, मोंढ्यातले हमाल, डाळमिलवाल्यांच्या सुना. त्यांनी पालथं पडायचं, मी डाव्या पायानं कमरेवर तीनदा हलकी लाथ द्यायची, त्यांनी मागे न बघता निघून जायचं. गुण येत होता की नाही देव जाणे, लोक येत होते. आणि हेच लोक, ढग भरून आल्यावर मी त्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली आडोशाला उभी राहिले की चुळबुळ करायचे. "बाई, तुमी जल्दी घराकडं निघा, पानी येऊन राह्यलं." उघाडीला माझा पाय पाहिजे आणि आभाळ आलं की मी नको. कारण काय, तर पायाळूवर वीज पडते. मी पस्तिशीला आले, अजून पडायची आहे.

लाथ देणं आता मी बंद केलं आहे. गल्ली नाराज आहे, असू दे. बंद कसं झालं तेही ऐक, कारण त्या डॉक्टरणीचा आणि माझा संबंध तिथूनच जुळला. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात पुखराजजी कापडवाल्यांच्या आई पानबाई, त्यांच्या कमरेत उसण भरली. मला दुकानाच्या वरच्या खोलीत बोलावलं. पानबाई पालथ्या पडल्या, दोन लाथा झाल्या, तिसरीला मी पाय उचलला आणि बाहेर जो कडकडाट झाला तो जणू त्याच गच्चीवर. मला जे दरवेळी होतं ते झालं. छाती कडी लावल्यासारखी बंद, श्वास अर्ध्यावर, दोन्ही हात कोपरापासून खाली मेलेले. फरक इतकाच की यावेळी एक पाय अधांतरी. खालून पानबाई ओरडतायत, "बाई, पाँव तो रखो," आणि माझा पाय काही खाली येईना. आज हसू येतं, तेव्हा मरण आठवलं होतं. आवाज ऐकून त्यांची नात राजकुमारी आली. तिनं पाणी मारलं नाही, कांदा हुंगवला नाही, चप्पल नाकाला लावली नाही. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, समोरच्या फळीवर कापडाचे तागे आहेत, त्यांचे रंग मला सांगा. मी मनात म्हटलं, ही वेडी की मी? पण सांगितले. हिरवा, मग राणी, मग तो मळका पिवळा. पाचव्या की सहाव्या ताग्याला माझा पाय जमिनीला टेकला.

राजकुमारीताईंनी पुण्यात मानसशास्त्र शिकून तिथेच हा इलाज शिकला. त्यांचं म्हणणं असं की माणसाला मोठी धास्ती बसते ती नुसती डोक्यात बसत नाही, अंगात बसते. डोकं विसरलं तरी अंग विसरत नाही. म्हणून बोलायचं ते बोलायचंच, पण रस्ता अंगातून काढायचा. तुला आठवतं, मला काय काय केलं होतं? सुया झाल्या, सलाइन झालं, कमजोरी आहे म्हणून ताकदीच्या बाटल्या झाल्या, दंडाला दोरे झाले. एका डॉक्टरनं हिस्टेरिया म्हणून भुजंगरावांकडे बघून डोळा मिचकावला. या सगळ्यांनी माझ्या अंगाला हात लावला आणि एकानंही विचारलं नाही. ती मारवाड्याची पोरगी दरवेळी आधी विचारते, "इथे हात ठेवू का?" मी नाही म्हटलं तर ठेवत नाही. तीन वर्षांत मी खूपदा नाही म्हणाले, नुसती म्हणायची मजा वाटायची म्हणूनही म्हणाले. तेव्हा अंगाला हात लावून घेते असं पुन्हा म्हणण्याआधी जरा विचार कर. तुला मला जन्मात कुणी विचारून हात लावला होता?

पहिल्या दिवशी त्यांनी मला काय झालं, कधी झालं असं काही विचारलं नाही. एवढंच, "द्वारकाबाई, तुमचे पाय जमिनीला कुठे कुठे टेकलेत ते सांगा." मला रागच आला. माझे पाय सगळ्या जुन्या जालन्याला माहीत, आणि ही मलाच विचारते. मग सांगायला गेले तर सांगता येईना. टाच टेकली आहे की चवडा, काही कळत नव्हतं. गुडघ्याखाली मी नव्हतेच. ज्या पायानं लोकांच्या कमरा सरळ होत होत्या त्या पायाची मला स्वतःला शुद्ध नव्हती. दर गुरुवारी त्याच वरच्या खोलीत जाऊन मी काय करायची, तर तळवे फरशीवर दाबायची, भिंतीला पाठ लावून उभी राहायची. भुजंगराव म्हणायचे, "उभं राहायला तर आमचा क्लीनरबी शिकवंल, त्याला काय पुण्याला जावं लागतं का?" पाचव्या महिन्यात एका गुरुवारी उभ्याउभ्याच माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. मग मांड्या, मग दात. मी लाजेनं थांबवायला गेले तर ताई म्हणाल्या, थांबवू नका, बहुत दिनों का रुका हुआ है, चालू द्या. आमच्या आईनं एकदा मुंगसाच्या तोंडातून कोंबडी सोडवली होती. ती कोपऱ्यात जाऊन किती वेळ थडथडत होती आणि मग पंख झाडून दाणे टिपायला लागली. तसं झालं. थरथरून झालं आणि मला इतकी भूक लागली की पानबाईंच्या स्वयंपाकघरातल्या चार बाट्या मी तुपात बुडवून खाल्ल्या.

आणि मग एक दिवस ती जागा सापडली. गळ्याच्या हाडाखाली, छातीवर, डाव्या-उजव्या दोन बाजूंना दोन ठिकाणं. तिथे लक्ष नेलं की श्वास थांबायचा. ताईंनी विचारलं, इथे काय आहे? मी म्हणाले, दोन हात आहेत. कुणाचे, असं विचारल्यावर मी उठून घरी निघून आले, आणि पुढचे दोन गुरुवार गेलेच नाही. प्रभा, ते हात तुझे होते. चौदा वर्षांच्या मुलीचे, कपाशीच्या चिकानं चिकट झालेले.

तो दिवस मी आता सरळ लिहिते. १९८३ चा ऑक्टोबर, तुमच्या मळ्यातला कपाशीचा बियाण्याचा प्लॉट. आपण क्रॉसिंगला, फुलांचा संकर करायच्या कामाला होतो. उद्या उमलणारी कळी आज दुपारी सोलायची, आतला तुरा काढायचा, खुणेला लाल कागद लावायचा. तुझी थोरली बहीण सगुणाक्का माझ्या पुढच्या ओळीत होती, माघात तिचं लग्न होतं आणि ती सासरच्या नावाची चेष्टा करून आपल्याला हसवत होती. परतीचा पाऊस गोदावरीकडून आला. बाकीच्या बायका वस्तीकडे पळाल्या, तुम्ही तिघी बांधावरच्या चिंचेखाली. माझी ओळ लांबची, मी शेवटी पोहोचले. मुकादमीण गोजरबाई ओरडली की ती पायाळू आहे, तिला झाडाखाली घेऊ नका, वीज ओढंल. सगुणाक्का म्हणाली, "येऊ दे गं तिला. मी सरकते." आणि ती मागे सरकली, खोडाला टेकली. तू पुढे आलीस. "जाय ना तिकडं. आमाला मारती का?" असं म्हणालीस आणि दोन्ही हातांनी मला ढकललंस. मी उताणी सरीत पडले, चिखलात. उठायचं होतं, तुझे हात झटकायचे होते, सांगायचं होतं की मी जाणार नाही. हात अर्धे वर आले आणि चिंच फुटली.

सगुणाक्का गेली. गोजरबाईचा एक कान गेला. तू चार हात लांब फेकली गेलीस आणि उठून बसलीस. संध्याकाळी तुझे वडील कारभारीकाका सगळ्यांदेखत विचारत होते, द्वारकी झाडाखाली होती का? गोजरबाई होय म्हणाली. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस. मी तिथेच बसले होते, पाठीला चिखल, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. त्या एका मानेवर पुढची वीस वर्षं उभी राहिली. विजेला द्वारकी पाहिजे होती, मधे सगुणा सापडली, असं गाव बोललं. आमच्या घरी त्या वर्षी संक्रांतीला कुणी आलं नाही. माझ्या आईनं मला नाही, स्वतःला दोष दिला, पायांनी जन्म दिला म्हणून. तुझं लग्न मच्छिंद्रदादाशी ठरलं तेव्हा लोक चाट पडले. मी पडले नाही. मला वाटलं, आता बोलेल. तू दर दिवाळीला साडी पाठवलीस, पहिला आंबा पाठवलास, माझ्या बाळंतपणाचा दोनदा विचका झाला तेव्हा येऊन महिना महिना माझं केलंस. सगळं केलंस, पण बोलली नाहीस.

दोन गुरुवार चुकवून मी तिसऱ्याला गेले. ताईंनी लोड उभा धरला आणि म्हणाल्या, तेव्हा जे हात अर्धे राहिले ते आज पुरे करा. मी ढकललं. आधी हळू, मग असं की ताई लोडासकट मागे सरकल्या आणि तागे खाली आले. आणि मी ओरडले, "मी न्हाई जाणार." खाली पुखराजजी गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. ते गिऱ्हाईक म्हणे म्हणालं, नका जाऊ बाई, बसा. सगळं दुकान हसलं, मीही रडतारडता हसले. मी पूर्ण बरी झाले असं म्हणत नाही. कडकडाट झाला की अजून छाती आवळते. पण आता हात मरत नाहीत, आणि मला माहीत असतं की मी कुठे उभी आहे.

आता तू मनात काय म्हणत असशील ते मला कळतं. एवढं जुनं कशाला उकरायचं? म्हणून, की ते जुनं झालेलं नाही. आणि एक साधी गोष्ट ऐक, जी इतक्या वर्षांत कुणी बघितली नाही, कारण मी सरीत होते हे फक्त तुला आणि गोजरबाईला माहीत होतं, आणि गोजरबाई वारली. पायाळूवर वीज पडत असती तर ती सरीत पडली असती. मी तिथे होते, उघड्यावर, एकटी. ती पडली जिथे मला येऊ दिलं नव्हतं तिथे. वीज उंच झाडावर पडली, प्रभा. सगुणाला मी मारलं नाही. तूही मारलं नाहीस. ती माझ्यासाठी मागे सरकली हे मला रोज आठवतं, आणि तुलाही आठवत असणार, म्हणूनच तुझी मान हलली असेल. पण ती मायेनं सरकली, त्यात गुन्हा कुणाचाच नाही. तू मला हाकललंस म्हणून मी वाचले, त्याचे उपकार मी मानणार नाही, तू काही मला वाचवायला ढकललं नव्हतंस. चौदा वर्षांच्या भ्यालेल्या पोरीवर मी राग धरत नाही. पस्तीस वर्षांच्या बाईवर मात्र आहे, आणि तो का आहे ते आता लिहिते.

गेल्या महिन्यात, गोदीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी आभाळ आलं, वारं सुटलं, गारा पडायला लागल्या. मी छत्री घेऊन शाळेत गेले. सगळी मुलं वर्गांपुढच्या पडवीत दाटीवाटीनं उभी होती, बाई मोजत होत्या. गोदी त्यांच्यात नव्हती. ती मैदानात होती, झेंड्याच्या लोखंडी खांबाजवळ, एकटी, गारा खात. बाई हाका मारून दमल्या होत्या, ती येत नव्हती. वर वीज चमकत होती. मी छत्री टाकून धावले. विजांत मी वीस वर्षांत उघड्यावर पाऊल टाकलं नव्हतं, पण पाय चालले. मला येताना बघून ती मागे मागे सरकायला लागली. "आत्या, तू नको येऊ. तुला लागंल." मी तिला उचललं तर अंग लाकडासारखं, हात गार पडलेले, श्वास अर्ध्यावर. ते अंग मी ओळखलं. पडवीत आणून बसवली, पाय जमिनीवर टेकवले, रंग विचारले, तिनं सांगितले. घरी येऊन मी विचारलं, मैदानात का गेलीस? म्हणाली, मैत्रिणींना लागू नये म्हणून. आई म्हणती पायाळूनं माणसात उभं राहू नाही, आत्या झाडाखाली राह्यली म्हणून सगुणामावशी गेली. मग माझ्या दंडावरून हात फिरवत मला म्हणाली, "आत्या, मावशीला मारलं तवा तुला लई वाईट वाटलं आसंल ना?" वर्षभर ते लेकरू मला खुनी समजून माझ्या कुशीत झोपत होतं, आणि मला समजून घेत होतं. तुझ्या धान्याच्या खोलीनं तिला वाचवलं नाही प्रभा, तिला मैदानात नेऊन उभं केलं. खरं काय ते मी तेव्हाच सांगू शकले असते. ओठावर आलं होतं. सांगितलं नाही, कारण माझ्या तोंडून ऐकलं तर तिची आई खोटी ठरेल, आणि तुझ्या तोंडून ऐकलं तर तेव्हाची नुसती एक भ्यालेली पोरगी ठरेल. म्हणून हे पत्र. घनसावंगीहून सकाळच्या एसटीनं ये, एकटी ये, आणि तिला समोर बसवून सांग की द्वारका झाडाखाली नव्हती. मृगाची तारीख तूच दिलीस, तीच मी धरते. त्या दिवसापर्यंत तू आली नाहीस तर मी सांगेन, गोदीला, दादाला, आणि गावात पारावर उभी राहूनही सांगेन. पण तू सांगावंस असं मला वाटतं. स्टँडवर मी गोदीला घेऊन उभी राहीन, आभाळ असो की ऊन.

हट्टी, पण तुझीच,
द्वारका